आमच्या मांजरांच्या शेपट्या कोणी कापल्या नाहीत

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सव्वाआठ ते पावणेअकरा. जागा: आमच्या घराची मागची पडवी.

हजर: मी. माझी फुफी, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, वय ब्याऐंशी, खुर्चीत. वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या शिक्षिका, मोबाइलसह. देवरूखचे जनावरांचे डॉक्टर, आता निवृत्त. भावजय, चहा देण्यापुरती. आणि मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये, जुन्या चादरीवर, आमची मांजरी.

गैरहजर: भाऊ. आमची बोट शुक्रवारी बंद असते, रविवारी नाही. शिवाय त्याचं म्हणणं असं की मांजरीच्या बाळंतपणाला लोकांना बोलावणं करणारं रत्नागिरीतलं आपलं पहिलंच घर असेल. असेल. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

मी बर्फाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. काय आलं, काय गेलं, कोणी नेलं, कोणाची सही, हे लिहिल्याशिवाय माझ्या हातून पाना-पक्कडसुद्धा बाहेर जात नाही. म्हणून ही हजेरीही मी त्याच दिवशी लिहून ठेवली. त्याआधीचे सतरा दिवस लोक मला एकच विचारत होते, की पुरावा काय.

आधी मांजरांची ओळख करून देते.

आमच्या घरातल्या बहुतेक मांजरांना पूर्ण शेपूट नसतं. त्या जागी तीन-चार बोटांचा गोंडा असतो. आत हाड असतं, पण ते छत्रीच्या मुठीसारखं वळलेलं. वरचे केस चारी बाजूंनी फुलतात, त्यामुळे लांबून नुसता केसांचा झुबका दिसतो. दोन मांजरांचे गोंडे कधी सारखे नसतात. एकाचा डावीकडे वळतो, एकाचा खाली, एखाद्याला मधेच गाठ. मागचे पाय पुढच्यांपेक्षा जरा लांब, म्हणून उभी राहिली की पुढे उतरलेली वाटते. बडबड फार. आपण एक बोललो की ती दोन बोलते. तोंडात धरून वस्तू आणायची सवय तर पिढ्यान् पिढ्या आहे: बाटलीचं बूच, जाळ्याचा तुकडा, एकदा शेजारच्यांचं नवंकोरं पायपुसणं, घडीसकट. तोल जातो का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. नाही जात. चिऱ्याच्या गडग्यावरून ती आमच्या छपरावर एका उडीत जाते, आणि मोहल्ल्यातली लांब शेपटीची मांजरं खाली बसून बघत राहतात.

मोहल्ल्यात त्यांना गोंडेवाली म्हणतात. आमच्याकडचं पिल्लू विकत मिळत नाही. ज्या घराचं पोट दर्यावर आहे त्याच घरात ते जातं, आणि नेणाऱ्याने बोटीची त्या दिवशीची पहिली मासळी मांजरीपुढे ठेवायची. आजोबांपासून ही रीत आहे. कुठलं पिल्लू कुठल्या घरी गेलं याची वही मी नववीत असल्यापासून ठेवते. रकाने: तारीख, किती पिल्लं, रंग, शेपूट पूर्ण की गोंडा, कोणाकडे गेलं. शेवटचा रकाना, मूळ कुठून आली, हा एकच रिकामा आहे.

तो रिकामा राहिला, कारण त्या जागी आमच्याकडे गोष्ट होती. ती फुफीची. आजोबा जहाजावर खलाशी होते. फुफी सांगते की परतीच्या सफरीत डेकवरच्या दोराच्या चाकात जहाजाच्या मांजरीची शेपटी ओढली गेली. ती सोडवायला आजोबांनी हात घातला, तर त्यांचं डाव्या हाताचं मधलं बोटही दोराखाली गेलं. दुसऱ्या हाताने कंबरेचा सुरा काढला आणि एका घावात शेपटी आणि बोट दोन्ही तोडली. दोघं वाचले. मांजरी त्यांच्याबरोबर घरी आली, आणि तेव्हापासून तिच्या वंशाला शेपूट येत नाही.

बोट खरंच नव्हतं. मी ते पाहिलेलं आहे. उरलेल्या चार बोटांनी आजोबा माझी वेणी घालायचे. अशी गोष्ट, वर असा हात. कोण कशाला शंका घेईल? फुफीने ती लग्नांत सांगितली, ईदला सांगितली. मीही कारखान्यात सांगितली आहे, तीही हातवारे करून.

जानेवारीच्या शेवटी फुफीने ती शिक्षिकांना सांगितली.

बाई पुण्याकडच्या. बदली होऊन जूनमध्ये आल्या. सरळ, मेहनती, रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वतःच्या हाताने भात घालणाऱ्या. मला त्या आवडत होत्या. फुफी जिन्याच्या पायरीवर बसून रंगात आली होती, आणि बाईंनी ते सगळं मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलं. फुफीला वाटलं, गोष्ट आवडली. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग, आमच्या मांजरीच्या गोंड्याच्या फोटोसकट, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या तीन ग्रुपवर गेलेलं होतं. खाली लिहिलं होतं की या घरात पिढ्यान् पिढ्या मांजरांच्या शेपट्या तोडल्या जातात आणि वर त्याचा अभिमान बाळगला जातो.

त्याच फोटोखाली आणखी कोणीतरी लिहिलं की ही तर परदेशी महागडी जात आहे, यांच्याकडे आली कुठून? म्हणजे एका आठवड्यात आमच्यावर दोन आरोप. आम्ही मांजरांच्या शेपट्या कापतो, आणि आम्ही बिनशेपटीची मांजरं चोरतो. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, हे त्या ग्रुपवर कोणाच्याही लक्षात आलं नाही.

चार दिवसांनी त्यातल्या एका ग्रुपमधले दोघं कोल्हापूरहून आले. तरुण, नम्र, हातात जाळीचा पिंजरा. मांजरी तपासायला नेतो म्हणाले. मी विचारलं, कोणाच्या हुकमाने. हुकूम नव्हता, सहकार्याची विनंती होती. मी म्हटलं, मांजरी गाभण आहे, घाटातून गाडीतून जाणार नाही. आणि गाभण नसती तरी गेली नसती. त्यांनी शांतपणे सांगितलं की मग रीतसर तक्रार होईल आणि ते माणसं घेऊन परत येतील. गडग्यापलीकडे आठ-दहा जण उभे राहून ऐकत होते. त्यातल्या तिघांच्या घरी आमचीच मांजरं आहेत. एकानेही तोंड उघडलं नाही. त्यांची नावं मी लिहून ठेवली आहेत. पुढच्या वेळी पिल्लू मागायला येतील तेव्हा कामाला येतील.

मग मी माझ्या मते हुकमाचं पान टाकलं. वही आणली. सदतीस वर्षांच्या नोंदी, प्रत्येक बाळंतपणाची. बघा, म्हटलं, एकाच वेळच्या पिल्लांत काही पूर्ण शेपटीची, काही गोंड्याची. आम्ही कापत असतो तर निम्मी का सोडली असती?

बाई त्या दोघांबरोबरच उभ्या होत्या, त्यांनी वही घेतली. मी उघडून दिलेलं पान त्यांनी पाहिलं नाही. त्यांनी पहिलं पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं. माझं नववीतलं अक्षर, ठळक शाईत, खाली पट्टीने दोन रेघा मारलेल्या: "आजोबांनी जहाजावर शेपटी कापली, तेव्हापासूनची ही यादी."

इतकी वर्षं मी ती वही रोजच्यासारखी वापरत होते आणि पहिलं पान कधी उघडलंच नव्हतं. स्टोअरचं रजिस्टरही कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही.

बाई म्हणाल्या, "ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच."

"मग मी वेगळं काय म्हटलं?"

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी त्या दोघांना आणि बाईंना सांगितलं की आज दुसरा फेब्रुवारी आहे. माझ्या नोंदीप्रमाणे मांजरी चौदा ते अठरा तारखेच्या दरम्यान व्यायेल. तोपर्यंत ती इथेच राहील. पिल्लं तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. ती सगळी पूर्ण शेपटीची निघाली तर पिंजरा घेऊन या, मी स्वतः मांडीवर घेऊन गाडीत बसते. एकही गोंड्याचं निघालं तर जिथे जिथे टाकलंत तिथे तिथे लिहायचं, की आम्ही चुकलो.

भावजय आत जाऊन भावाला फोनवर म्हणाली की तुमच्या बहिणीने मांजरीची पैज लावली. ती पैज नव्हती. मला निकाल माहीत होता. निदान मला तसं वाटत होतं.

त्याच संध्याकाळी मी देवरूखला डॉक्टरांना फोन केला. माझ्या कारखान्यातल्या एका हेल्परच्या गावात ते गाईम्हशी बघायचे. दुसऱ्या दिवशी आले, चष्मा पुसला, मांजरीला मांडीवर घेतलं आणि गोंड्यातून दोन बोटं फिरवली. मग शाळेतून आलेल्या बाईंचा हात धरून तशीच फिरवायला लावली. कापलेली शेपटी बोथट संपते, म्हणाले, शेवटी हाडाचं तोंड हाताला लागतं. इथे बघा, मणके लहान लहान होत जातात आणि शेवटचा टोकदार आहे. हे कापून होत नाही, असंच वाढतं.

मी त्यांना विचारलं की मग ही आली कुठून. ते म्हणाले, ब्रह्मदेश, मलाया, त्याच्याही पलीकडे पार जपानपर्यंत, त्या बाजूच्या बंदरांत अशी मांजरं रस्त्यावर फिरतात. तिकडे कोणी मान वळवून बघत नाही. उंदरांसाठी जहाजावर मांजर लागायचंच, आणि जहाज जिथे जाईल तिथे मांजर उतरायचं. जपानच्या मांजरांना तर आता जात म्हणून नाव आहे, कागदपत्रं आहेत, प्रदर्शनं आहेत. युरोपातल्या एका बेटावरची मांजरं वेगळी. त्यांच्यातल्या काहींना शेपूट अजिबातच नसतं आणि कधीकधी कण्याचा त्रास होतो. ही ती नव्हेत. हिचा कणा उत्तम आहे.

म्हणजे आमची मांजरी कुठल्यातरी पूर्वेच्या बंदरातली रस्त्यावरची होती. मला ते ऐकून बरं वाटलं.

बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या की डॉक्टर तुमच्या ओळखीचे आहेत. खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं.

डॉक्टर हसले. जाताना पायरीवर फुफी बसली होती, तिच्यासमोर थांबून ते सहज म्हणाले, "आजी, तुमच्याकडे किती पिढ्या मुलींचे कान टोचतात? एक तरी पोर भोकं घेऊन जन्मलं का?"

फुफीचा हात कानाकडे गेला, एवढं मी पाहिलं. तेव्हा मी त्याचा अर्थ लावत बसले नाही. मला कामं होती.

कामं लिहून काढली. क्रेट उन्हात धुवून घेणे. पडवीचा कोपरा चादर टांगून आडोसा करणे, कारण मांजरीला गर्दी चालत नाही. चादरीला एक फट, खुर्चीत बसून दिसेल एवढी. चौदा तारखेपासून पाळ्या: सकाळी मी, दुपारी भावजय, शाळेनंतर बाई. एकाने दुसरा आल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठताना वेळ घालून सही करायची. बाईंनी पाळ्यांचा ताव पाहिला आणि म्हणाल्या, ताई, परीक्षेच्या सुपरव्हिजनलासुद्धा आम्ही एवढं करत नाही. मी म्हटलं, म्हणून तर कॉप्या होतात. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो. पण सह्या त्यांनी केल्या, सगळ्या.

सोळाला सकाळी मांजरीने बांगड्याला तोंड लावलं नाही आणि चादर उकरायला लागली. मी वर हाक मारली, डॉक्टरांना फोन केला. रविवार म्हणून ते रत्नागिरीत मुलीकडे आलेले होते, रिक्षाने दहा मिनिटांत पोचले. फुफी स्वतःहून खुर्ची ओढून बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

आठ चाळीसला पहिलं पिल्लू. मांजरीने चाटून पुसून घेतलं आणि ते बाजूला वळलं. शेपूट होतं. चांगलं लांब, सरळ, पूर्ण.

बाई हळूच म्हणाल्या, "हे बघा."

"बघितलं," मी म्हटलं. "थांबा."

मी दुसऱ्या, कोऱ्या तावावर लिहिलं: एक, काळं-पांढरं, शेपूट पूर्ण. अक्षर नीट आलं. सदतीस वर्षांच्या नोंदीत दोन बाळंतपणं अशीही आहेत की सगळी पिल्लं लांब शेपटीची. ते मी कोल्हापूरच्या त्या दोघांना सांगितलं नव्हतं. पैज नाही म्हणाले होते, पण ती पैजच होती, आणि क्रेटमधला तो चार किलोचा जीव तिच्यात लावलेला होता. पिंजऱ्याची जाळी मला समोर दिसायला लागली. भावजयीने चहा आणला, कोणी घेतला नाही. डॉक्टर म्हशींच्या गोष्टी सांगत राहिले. पस्तीस मिनिटं काही झालं नाही.

सव्वानऊला दुसरं. तिरंगी: काळा, पिवळा, पांढरा. मांजरी चाटत होती तेव्हा पाठच फक्त दिसत होती. मग ते वळलं. शेपटीच्या जागी ओल्या वातीएवढं काहीतरी, डावीकडे वाकडं. बाईंनी मोबाइल पुढे धरला होता, तो त्यांनी खाली केला आणि फटीशी डोळा लावला. नऊ पन्नासला तिसरं, पिवळं, त्याचीही वात, पण खाली वळलेली. मग मांजरी आडवी झाली. तिघंही प्यायला लागली.

माझ्या तावावर त्या रकान्यात मी लिहिलं: गोंडा, गोंडा. आणि ताव बाईंपुढे धरला. त्यांनी सही केली. डॉक्टरांनी केली, मी केली. वेळही घातली.

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, चुकलं माझं. मी लिहिते, सगळीकडे लिहिते."

मी म्हटलं, तीन ग्रुप आहेत, तिन्हीकडे. आणि माझ्या फुफीचा आवाज तिथून काढायचा. ती गोष्ट तुम्हाला सांगितली होती, कोल्हापूरला नाही. मी आवाज चढवला नाही, पण गोडही बोलले नाही. गोड बोलण्याचे दिवस सतरा होते, ते त्यांनी घालवले होते.

तेवढ्यात मागून फुफीचा आवाज आला. इतका वेळ ती आहे हेच आम्ही विसरलो होतो. चष्मा काढून पदरात धरला होता.

"आणि बाबांचं बोट?" ती म्हणाली.

कोणाला कळलं नाही. मला कळलं.

"शेपटी कापलीच नव्हती," ती म्हणाली, "तर मग बोट कुठे गेलं गो त्यांचं?"

डॉक्टरांनी चहाचा कप उचलला, तो थंड होता तरी. बाई क्रेटकडे बघत राहिल्या. मी सतरा दिवस एका मांजरीसाठी भांडत होते. जिंकलेही. आणि त्या जिंकण्यात या म्हातारीच्या बापाचा पराक्रम गेला, हे मी कुठल्याही यादीत धरलं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना तो माणूस टोपलीत मांजरी घेऊन आणि एक बोट कमी होऊन घरी आला. आपल्याला काय झालं हे त्याने एका लहान मुलीला तिला झोप लागेल असं सांगितलं. तिने ते शहात्तर वर्षं सांभाळलं.

मी म्हटलं, फुफी, बोट दुसऱ्या कशात गेलं असेल. जहाजावर काय कमी चाकं असतात?

"म्हणजे ते खोटं बोलले."

"मी तसं म्हटलं नाही."

"तू नाय म्हटलंस. तुझ्या वहीने म्हटलं," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

बाईंनी शब्द पाळला. तिन्ही ग्रुपवर लिहिलं, स्वतःच्या नावाने. रेकॉर्डिंग काढलं. कोल्हापूरच्या त्या दोघांचाही फोन आला, सॉरी म्हणाले, आणि एक पिल्लू मिळेल का असंही विचारलं. नाही मिळणार. तुमच्या घरात कोणी दर्यावर जातं का, विचारलं, तर म्हणाले नाही. मग विषय संपला. बाईंनी मात्र पहिलं, लांब शेपटीचं मागितलं. ते दर्यावरच्या घरी कोणी नेत नाही, त्यामुळे रीत मोडत नव्हती. मी दिलं. त्यांनी बाजारातून बांगडे आणून मांजरीपुढे ठेवले. बोटीचे नव्हते, पण ताजे होते. वहीत तसं लिहिलं आहे.

मोहल्ल्यात आता नवीनच बोलतात, की आमची मांजरं जपानची आहेत. भावाला ते फार आवडतं. मी प्रत्येकाला सांगते, जपानचा कागद माझ्याकडे नाही. माझ्याकडे आहे तो तीन सह्यांचा ताव, आणि त्यात एवढंच आहे की ती अशीच जन्मली. त्यापेक्षा जास्त कोणी विचारलं तर मी विचारते, तुमचा कागद कुठे आहे?

खरं काय ते एका ठिकाणी लिहिलेलं असणार. आजोबांचं जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक फुफीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. कुठल्या बंदराला किती दिवस, कुठली दुखापत, कधी, सगळं त्यात असतं. मूळ कुठून आली तो रकाना त्यातून भरेल, बोटाचंही कळेल. किल्ली तिच्या कंबरेला आहे. मी मागितलेली नाही. मागितली तर ती देईल, आणि त्याचीच मला भीती वाटते.

त्या महिन्याच्या यादीत नऊ कामं होती. आठांपुढे बरोबरची खूण आहे. नववं असं: वहीच्या पहिल्या पानावरची ओळ दुरुस्त करणे. मार्चमध्ये एका दुपारी मी पट्टी आणि पेन घेऊन बसले होते. फुफी समोर तांदूळ निवडत होती. गोंडेवाली तिच्या मांडीला टेकून बसली होती, आणि फुफी तिला खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती. दोर, चाक, सुरा, असे शब्द ऐकू येत होते. मांजरी मधेमधे उत्तर देत होती.

मी पट्टी लावली होती. रेघ मारायची राहिली आहे.